प्रवेशाचे द्वार : वऱ्हाडातील विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणप्रवेशाचे सिंहावलोकन

साखरखेर्डा हे नाव इतिहासग्रंथांत येते ते एका लढाईमुळे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच परिसरात निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची सैन्ये एकमेकांना भिडली. मुबारिजखान मारला गेला, निजामाच्या दख्खनमधील सत्तेचा पाया पक्का झाला आणि विजयाची आठवण म्हणून गावाला ‘फत्तेखेर्डा’ असे नाव देण्यात आले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अलीकडच्या काळात दरवर्षी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत आपल्या घराघरांत एक दुसरीच लढाई चालू असते. तिच्यात तोफा नाहीत, घोडदळ नाही. आहेत त्या गुणवत्ता याद्या, प्रवेशफेऱ्या आणि प्रमाणपत्रांची भेंडोळी. मुलाला किंवा मुलीला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल की नाही, या एका प्रश्नावर कुटुंबाची झोप अवलंबून असते.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मंदिर, धर्मशाळा व दानशूर व्यक्तींचा इतिहास येईलच. या लेखात उच्च शिक्षणाच्या दरवाजाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे. हा दरवाजा गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलला. प्रत्येक वेळी त्याची किल्ली निराळी होती. ती किल्ली कोणती, हे ज्यांना आधी कळले ते आत गेले. ज्यांना उशिरा कळले ती मुले हुशार असूनही उंबरठ्यावर राहिली. हा इतिहास नीट समजला तर आजच्या विद्यार्थ्याला आपली शक्यता अजमावता येईल आणि ती वाढविताही येईल, अशी माझी नम्र धारणा आहे.

अंतराचा दरवाजा

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या काळात महाविद्यालयात शिकायचे म्हणजे प्रांत सोडून जायचे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. नागपूरला १८८३ मध्ये हिस्लॉप व १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय सुरू झाले, तरी परीक्षा दूरच्या विद्यापीठाची असे. पुढे पंजाबराव देशमुखांसारखा शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि तेथून एडिनबरो व ऑक्सफर्डपर्यंत पोहोचला; पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्या वेळी प्रवेशासाठी आजच्यासारखी चुरस नव्हती. अडचण होती ती अंतराची, राहण्या-जेवणाची आणि खर्चाची. साखरखेर्ड्याच्या मुलाला आधी बैलगाडीने मोठा रस्ता गाठायचा, मग मलकापूर किंवा खामगावला आगगाडी पकडायची आणि परक्या शहरात सात्त्विक जेवण मिळेल असे घर शोधायचे. वार लावून जेवण्याची सोयही सर्वांना मिळत नसे.

हा दरवाजा उघडण्यासाठी जैन समाजाने जो उपाय शोधला तो म्हणजे बोर्डिंग. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मुंबईत जैन बोर्डिंग उभारले आणि इतर शहरांतही अशा वसतिगृहांना चालना दिली. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. आपल्या वऱ्हाडात कारंजा येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली. त्याचे संस्थापक ब्रह्मचारी देवचंदजी पुढे मुनी समंतभद्र म्हणून वंदनीय ठरले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून वसतिगृहाची ही कल्पना सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी खुली केली. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले तेही याच जाणिवेतून. त्या काळची किल्ली होती डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण. समाजाने ती किल्ली घडविली म्हणूनच पहिल्या पिढीचे वकील, डॉक्टर व अभियंते निर्माण झाले.

टक्क्यांचा दरवाजा

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. १९४२ मध्ये नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था आणि १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच १९४७ साली खामगावला महाविद्यालय आले आणि तिकडे सांगलीत पुढे शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९६० मध्ये नागपूरला विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६४ मध्ये अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ अशी ही मालिका वाढत गेली. १९५९ मध्ये राज्य शासनाने वार्षिक ९०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ केली. ही मर्यादा पुढे १,२०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. अंतर कमी झाले, फीचा भार हलका झाला, आणि मग पहिल्यांदाच जागांपेक्षा अर्ज जास्त येऊ लागले.

येथून टक्क्यांचे राज्य सुरू झाले. आधी इंटर सायन्सचे गुण आणि दहा अधिक दोन ही रचना आल्यानंतर बारावीचे गुण, हीच वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाची कसोटी ठरली. दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. या काळातील यशाची किल्ली होती पाठांतर, नेटके अक्षर आणि उत्तरपत्रिका सोडविण्याचा सराव. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने ती ओळखली. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करायचा, सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि प्रत्येक उत्तरपत्रिका काटेकोरपणे तपासून विद्यार्थ्याला चूक दाखवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दुष्काळी, मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. त्या पद्धतीबद्दल मतभेद आहेत. मुलांवरील ताण हा त्यातील गंभीर मुद्दा आहे. तरीही नियमित सराव आणि चुकांची तपासणी यांच्या बळावर लहान गावातील विद्यार्थी मोठ्या शहराशी बरोबरी करू शकतो, ही गोष्ट लातूरने सिद्ध केली.

पैशाचा आणि न्यायालयाचा दरवाजा

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी मिळाली. आपल्या जिल्ह्यात शेगाव येथे त्याच वर्षी श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, पुढे चिखलीलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आले. जागा वाढल्या, पण त्यासोबत ‘डोनेशन’ हा शब्दही घरोघरी पोहोचला. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात कॅपिटेशन फी अवैध ठरविली आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात खाजगी संस्थांतील प्रवेशांना गुणवत्तेची चौकट घातली. २००२ चा टी. एम. ए. पै आणि २००५ चा इनामदार खटला यांनी ही चौकट पुन्हा बदलली.

प्रदेशाचा प्रश्नही न्यायालयात गेला. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व जागा स्थानिकांसाठी राखून ठेवण्यास नकार दिला, आणि १९८६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय स्तरावर भरण्याचे ठरले. राज्यांतर्गत मात्र विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून ७० टक्के जागा त्या त्या विभागातील आणि ३० टक्के जागा राज्यभरातील विद्यार्थ्यांना देण्याची पद्धत वैद्यकीय प्रवेशात दीर्घकाळ होती. २०२० मध्ये ती रद्द झाली. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी अजूनही ‘विदर्भाच्या जागा’ गृहीत धरून मुलांना सल्ला देतात, म्हणून हा बदल येथे मुद्दाम नोंदवितो. अभियांत्रिकीच्या बऱ्याच महाविद्यालयांत गृह विद्यापीठाचा निकष मात्र टिकून आहे.

परीक्षेचा आणि पर्सेंटाइलचा दरवाजा

वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करणे किती अवघड आहे, हे अकरावीच्या प्रवेशाने दाखविले. राज्य शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागांचा कोटा आणला. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकले. उच्च शिक्षणात या प्रश्नाचे उत्तर म्हणून सामायिक प्रवेश परीक्षा आधीच आली होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची तर स्वतःची परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे! पुढे ‘नीट’ २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द झाली, २०१६ मध्ये पुन्हा जिवंत झाली आणि सेवाग्रामसह सर्वांना लागू झाली. अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्राने २०१४ व २०१५ या दोन वर्षी जेईई मेनचा आधार घेतला आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आणली. २०१९ पासून ती संगणकावर होऊ लागली व निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धतीही संपूर्ण राज्याला लागू झाली. म्हणजे मुंबई-पुण्याचा हा दरवाजा आता आपल्या गावाच्या वेशीपर्यंत आला आहे.

शक्यता कशी अजमावावी?

या इतिहासातून विद्यार्थ्याने काय घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. पहिली गोष्ट, टक्के आणि पर्सेंटाइल यांतील फरक. ९८ टक्के म्हणजे शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण. ९८ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. समजा, तीन लाख विद्यार्थी बसले. मग ९८ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढेही सुमारे सहा हजार जण असतात. घरात पेढे वाटण्यापूर्वी हा हिशेब करावा आणि खचून जाण्यापूर्वीही हाच हिशेब करावा. कारण आपल्याला हव्या असलेल्या जागा सहा हजारांहून अधिक असू शकतात.

दुसरी गोष्ट, गुणांची तुलना वर्षावर्षांत करू नये, क्रमांकाची करावी. २०२४ च्या नीटमध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे अनेक होते. २०२५ च्या कठीण प्रश्नपत्रिकेत देशातील पहिल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. मागील वर्षीच्या शेजारच्या मुलाचे गुण पाहून यंदाच्या मुलाला नापास ठरविणे म्हणजे अन्याय होय. मागील तीन वर्षांत हव्या त्या महाविद्यालयात, आपल्याच प्रवर्गात, कोणत्या फेरीत, कोणत्या क्रमांकावर शेवटचा प्रवेश झाला, हे पाहावे. ही माहिती प्रवेश प्रक्रिया राबविणाऱ्या यंत्रणा दरवर्षी जाहीर करतात.

तिसरी गोष्ट, आकडेवारीला सामोरे जावे. २०२४ मध्ये जेईई अॅडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले, पात्र ठरले सुमारे ४८ हजार आणि आयआयटीच्या एकूण जागा होत्या साडेसतरा हजारांहून थोड्या अधिक. म्हणजे पात्र ठरलेल्यांपैकीही बहुसंख्य मुलांना आयआयटी मिळाली नाही. ती मुले नालायक होती काय? मुळीच नाही. म्हणून प्रत्येकाने महाविद्यालयांच्या तीन याद्या कराव्यात : मिळाले तर भाग्य, मिळण्याजोगी आणि हमखास मिळणारी. तिसरी यादी रिकामी ठेवू नये. आणि त्या यादीतील महाविद्यालयही आनंदाने शिकता येईल असेच असावे.

शक्यता कशी वाढवावी?

अभ्यासाला पर्याय नाही, पण अभ्यासाची दिशा परीक्षेच्या नियमांवरून ठरते. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक गुण जातो, म्हणून तेथे विचार करूनच उत्तर द्यावे. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो. नीटमध्ये मात्र अकरावीकडे दुर्लक्ष करून चालतच नाही. ‘अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष’ ही आपल्याकडील समजूत अनेकांना महागात पडली आहे. घड्याळ लावून सराव परीक्षा द्यावी, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी, आणि स्वतःची पातळी ठरविताना सर्वांत चांगल्या परीक्षेचा आकडा न धरता शेवटच्या पाच-सहा परीक्षांची सरासरी धरावी.

पसंतीक्रम भरताना ‘मिळणार नाही म्हणून लिहू नये’ अशी एक चूक सर्रास होते. केंद्रीय प्रवेशफेरीत संगणक वरच्या पसंतीपासून खाली येतो. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. तेव्हा खरोखर हवे तेच वर लिहावे. उलट, नको असलेले नाव पहिल्या क्रमांकावर लिहू नये; कारण पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर तो प्रवेश अंतिम समजला जातो. फेऱ्यांचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी.

यानंतर कागदपत्रे. माझ्या शिक्षकी जीवनातील एक प्रसंग आजही मनाला टोचतो. एका गुणी मुलीचा क्रमांक चांगला होता, जागाही मिळत होती. पण एक दाखला मुदतीत हाती आला नाही आणि ती जागा गेली. तिच्या वडिलांना वाटले होते, निकाल लागल्यावर अर्ज करू. अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, हे सर्व परीक्षेच्या आधीच तयार हवे. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण आले. खुल्या प्रवर्गातील आपल्या अनेक कुटुंबांना ते लागू होऊ शकते, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. मुलीच्या शिक्षणाला खर्चाचे कारण सांगणाऱ्यांनी तो अवश्य समजून घ्यावा.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांतील समाजासाठीच्या जागा व शिष्यवृत्ती योजना यांमुळे आपल्या मुलांसाठी आणखी एक वाट मोकळी झाली. मात्र अनेक जुन्या दाखल्यांवर ‘हिंदू जैन’ अशी नोंद आढळते. मुलाच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये धर्माची नोंद काय आहे, हे पालकांनी दहावीपूर्वीच पाहावे आणि आवश्यक असल्यास रीतसर दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर हेच काम फार कठीण होते.

समारोप

२०२४ मध्ये बुलडाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या जिल्ह्यातील मुले शिक्षणासाठी एके काळी मलकापूरहून आगगाडीत बसून परमुलखात जात, त्या जिल्ह्यातच आता डॉक्टर घडणार आहेत. अंतराचा दरवाजा जवळजवळ उघडला. आज उरली आहे ती माहितीची दरी. शहरातील मुलाच्या घरी सल्ला देणारे चार जण असतात. आपल्याकडील मुलगा सायबर कॅफेत बसून शेवटच्या तासात अंदाजाने पसंतीक्रम भरतो. दोघांची बुद्धी सारखी असूनही निकाल वेगळा लागतो.

आपल्या धर्मात चार दाने सांगितली आहेत; त्यांत शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदानाला मोठे स्थान आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या धुरीणांनी काळाची गरज ओळखून बोर्डिंगे बांधली. आजची गरज फार खर्चाची नाही. दर उन्हाळ्यात गावातील दहावी-बारावीच्या सर्व मुलामुलींसाठी, जात-धर्म न पाहता, ट्रस्टच्या सभागृहात एक मार्गदर्शन कक्ष चालविता येईल. तेथे मागील वर्षांचे प्रवेशक्रमांक लिहून ठेवावेत, कागदपत्रांची यादी भिंतीवर लावावी आणि नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलांनी धाकट्यांचे अर्ज तपासून द्यावेत. एक वही, एक संगणक आणि दोन-चार तळमळीची माणसे एवढ्यावर हे काम उभे राहू शकते.

आणि शेवटी एक विनंती पालकांना. प्रवेशाचे द्वार अनेक आहेत, मूल मात्र एकच आहे. एखादे द्वार बंद झाले तर मुलाला दोष न देता दुसऱ्या द्वारापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत साखरखेर्ड्याचे एकही गुणी लेकरू केवळ माहितीअभावी उंबरठ्यावर थांबू नये, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!